स्टीलचा रेझर सोडू नका. पण त्याचं ब्लेड कचऱ्यात टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत चालक आहे. सातारा जिल्ह्यात नोकरी करतो, बावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्या स्टँडवर झाडलोट करणाऱ्या मावशींच्या हातात ब्लेड घुसलं. सकाळी सहाची वेळ होती. विश्रांतीगृहातला डबा त्यांनी गोणीत उपडा केला, कचरा दाबून बसवायला हात आत घातला आणि बाहेर काढला तो रक्ताने भरलेलाच. अंगठ्याखालचा मांसल भाग दोन बोटं लांब उघडा पडला होता. तीन टाके पडले. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. कुणाच्या दाढीचं ब्लेड ते कळायला मार्ग नाही, म्हणून डॉक्टरांनी हिपॅटायटिस बीची लसही सुरू केली. आठवडाभर त्यांना घरी बसावं लागलं.

ते ब्लेड मी टाकलेलं नव्हतं. त्या रात्री मी चिपळूणला मुक्कामी होतो. पण तसलंच दुधारी ब्लेड वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून मी त्याच डब्यात आधी कितीतरी वेळा टाकलं आहे. कागद गुंडाळला म्हणजे आपलं काम झालं असं मला वाटायचं. चहाचा चोथा, खरकटं, ओले कागद यांत तो कपटा तासाभरात भिजतो, सुटतो आणि ब्लेड उघडं पडतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्यातले काहीजण म्हणाले, "ही स्टीलच्या रेझरची भानगडच नको. आपला प्लास्टिकचाच बरा. फेकून दिला तरी कुणाला कापत नाही." त्यातल्या दोघांना स्टीलचा रेझर घ्यायला मीच सांगितलं होतं. एकाला तर दुकानात नेऊन निवडून दिला होता. म्हणून हे पत्र लिहिणं माझ्यावर येतं.

माझे केस राठ आणि कुरळे, दाढीचेही तसेच. नोकरीला लागलो तेव्हा ज्यांच्या शेजारी बसून मी रस्ते शिकलो, ते जुने चालक म्हणायचे, गाडीवर बसणाऱ्याने दाढी करून बसावं, माणूस झोपेतून उठून आलाय असं प्रवाशाला वाटता कामा नये. ते मी मनाशी धरलं. मुक्कामाची गाडी असली तरी पहाटे उठून दाढी. पाटण तालुक्यात वरच्या अंगाच्या गावांत मुक्काम असला की शाळेच्या नळावर तोंड ओलं करायचं आणि गाडीच्या उजव्या आरशात बघून उरकायचं. डिसेंबरात तिथलं पाणी असं असतं की बोटं बधिर होतात. हातात टपरीवरून घेतलेला दोन पात्यांचा प्लास्टिकचा रेझर, आणि बरेचदा फेस अंगाच्याच साबणाचा.

मान कायम सोललेली असायची. खाकी शर्टाची कॉलर, घाम, त्यात कुंभार्ली घाटात वळणावळणाला मान फिरवायची. कॉलरच्या रेषेवर लाल पुटकुळ्या, काहींत पू. रात्री कूस बदलली तरी चुरचुरायचं. घरात म्हणायचे उष्णता आहे, सब्जा घ्या. घेतला. कडुनिंबाचा पाला लावला, मलमं झाली. मग मी दोन पात्यांवरून तीन पात्यांच्या महागड्या रेझरवर गेलो, कारण जितकी पाती जास्त तितकी दाढी मऊ, असं जाहिरातीत बघितलं होतं. मान आणखी बिघडली. वरचं बटण लावणंच सोडून दिलं मी.

कोयनेच्या बाजूला एका गावात पिंपळाखाली खुर्ची टाकून बसणारे एक नाभिक आहेत. सत्तरीच्या आसपासचे. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. एकदा सकाळच्या फेरीला वेळ होता म्हणून त्यांच्याकडे बसलो. साबण लावायच्या आधी त्यांनी माझ्या मानेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पाती किती हायेत तुमच्या रेझरला?"

"तीन."

"मग असं बघा. पयलं पातं केस वढून वर आणतं. तो आत जायच्या आत मागचं त्याला तोडतं. राहिलेला खुंट कातड्याच्या खाली जातो. ज्याचा केस सरळ, त्याचा वर येतो. तुमचा कुरळा. त्याला वाट गावत न्हाई, आतल्या आत वळतो. ह्या पुटकुळ्या न्हाईत, आत अडकल्यालं केस हायेत." मग म्हणाले, "एका पात्यानं करा. आन् दाबू नका."

साताऱ्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनीही तेच सांगितलं. मान बरी होईपर्यंत दाढी बंद, त्यानंतर एका पात्याने आणि केसाच्या दिशेने. वीस वर्षं मी औषध मानेला लावत होतो आणि दुखणं रोज सकाळी रेझरने नव्याने करत होतो.

तीन आठवडे दाढी वाढवली. मग तीन भागांचा स्टीलचा रेझर घेतला, साडेतीनशे रुपयांना. पाच ब्लेडचं पाकीट पंधरा रुपयांना मिळालं. त्याला आता तीन वर्षं होतील.

ज्यांनी हा रेझर कधी हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी जरा नीट सांगतो, कारण आमच्यातल्या ज्यांनी तो घेऊन चार दिवसांत सोडला, त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. दांडा फिरवला की टोपी आणि खालची दातेरी पट्टी सुटी होते. ब्लेड मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं पातळ असतं. ते आखूड बाजूंनी धरायचं, लांब बाजूंना बोट लावायचं नाही. टोपीच्या आतल्या खुंट्यांवर ब्लेड बसवायचं, वर पट्टी ठेवायची आणि दांडा आवळायचा. आवळताना ब्लेड किंचित वाकतं आणि त्या वाकण्यानेच ताठ होतं. मग रेझर डोळ्यांसमोर धरून बघायचं, दोन्ही बाजूंनी धार सारखीच बाहेर आली आहे ना. एका बाजूने जास्त दिसली तर खोलून परत बसवायचं. घाईत तशीच दाढी केली तर कापणारच.

पहिल्या दिवशी मी हनुवटीवर कापून घेतलं. प्लास्टिकचा रेझर हलका, त्याला दाबल्याशिवाय तो चालत नाही. तोच हात स्टीलवर पडला. नानांचं "दाबू नका" मला तेव्हा कळलं. आमच्या कामातलं सांगायचं तर हे घाट उतरण्यासारखं आहे. उतारावर गाडीला ढकलावं लागत नाही, तिचं वजनच तिला नेतं. चालकाचं काम तिला गिअरमध्ये धरून ठेवण्याचं. स्टीलच्या रेझरला वजन असतं ते त्यासाठीच. दांडा दोन-तीन बोटांत सैल धरायचा. टोपी गालावर टेकवायची आणि दांडा हळूहळू खाली आणत जायचं. एका जागी धार केसाला लागते आणि आवाज येतो, वाळल्या गवतावरून हात फिरवावा तशी बारीक खरखर. तोच कोन. तीस अंशांच्या आसपास असतो म्हणतात, मी कानाने ओळखतो. आवाज थांबला की कोन सुटला, नाहीतर तिथले केस संपले. दोन्ही वेळा रेझर उचलायचा, दाबायचा नाही. हात आखूड मारायचे, इंचभराचे.

आणि आपले केस कुठल्या दिशेला वाढतात ते आधी चाचपून घ्यायचं. मानेवरचे सगळेच केस खाली वाढत नाहीत. माझे गळ्याच्या घाटीच्या डावीकडे आडवे, कानाच्या दिशेने वाढतात. दोन दिवसांची खुंटं बोटाने चाचपली तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी मला हे कळलं. आता तिथे मी आडवाच हात मारतो. उलटी दाढी मी करत नाही. गुळगुळीत होत नाही, पण सकाळी सातला केलेली दाढी रात्री आठपर्यंत बघण्यासारखी राहते, आणखी काय पाहिजे.

फेस ब्रशने करतो, गोल वडीचा. पाणी गरमच लागतं. मुक्कामाच्या गावी ज्या घरातून आम्हाला चहा येतो त्याच घरी तांब्याभर गरम पाणी मागतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. शेवटी तुरटीचा ओला खडा फिरवायचा. ज्या जागी चुरचुरेल त्या जागी आज हात जड पडला होता. दुसऱ्या दिवशी तिथे सांभाळायचं. दोन महिन्यांत माझी मान स्वच्छ झाली आणि वरचं बटण लागलं.

ज्यांचा हात थरथरतो, जे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या नादी लागू नये. हे मी स्टँडवर सगळ्यांना सांगतो, इथेही सांगतो.

आता प्लास्टिकचा रेझर कुणाला कापत नाही म्हणणाऱ्यांना उत्तर देतो. तीन-चार दिवसांना एक, म्हणजे वर्षाला ऐंशी-नव्वद रेझर मी एकटा फेकत होतो. वीस वर्षांत सोळाशे ते अठराशे झाले. कुठे आहेत ते? पुष्कळसे त्या डोंगरातल्या गावांत. शाळेच्या मागच्या खड्ड्यात मी स्वतः टाकलेत. तिथे कचरा उचलायला गाडी येत नाही, तो साठला की पेटवतात. प्लास्टिकचा धूर गावाला आणि जळून उरलेली पाती मातीत. तो रेझर भंगारवालासुद्धा घेत नाही, कारण पातं प्लास्टिकमध्येच बसवलेलं असतं, ते सोडवत कोण बसणार. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या वस्तूंची यादी करून त्या बंद केल्या. त्यात कान साफ करायच्या काड्या आहेत, आइस्क्रीमच्या काड्या आहेत, स्ट्रॉ, चमचे, ताटल्या आहेत. दाढीचा रेझर नाही. तो का नसावा, हे मला समजलेलं नाही. कान साफ करायच्या काडीपेक्षा त्याच्यात प्लास्टिक कितीतरी जास्त.

पण स्टीलच्या रेझरला मी सोवळ्यात बसवत नाही. फेकायचं पातं ही त्याचीच देणगी आहे. माझ्या मुलीने माहिती काढून दिली. अमेरिकेत किंग कँप जिलेट यांनी १९०३ मध्ये हा रेझर विकायला सुरुवात केली. त्या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पेटंट मिळालं १९०४ मध्ये. त्याच्या आधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून माणसं जन्मभर वापरत. मग १९७१ मध्ये दोन पात्यांचं डोकं आलं, १९७५ मध्ये बिक कंपनीचा सबंध फेकून द्यायचा रेझर आला, १९९८ मध्ये तीन पाती झाली, २००६ मध्ये पाच. आधी पातं फेकायची सवय लागली आणि तिच्या मागून सगळा रेझरच फेकायची. ब्लेडचं काय करायचं हे ५१ रेझर खपले तेव्हाच ठरायला हवं होतं. आपण अजून ते कागदात गुंडाळतो आहोत.

आणि हा प्रश्न घरच्या दाढीपुरता नाही. नानांच्या पेटीत जुना वस्तरा अजून आहे, पण ते तो वापरत नाहीत. एड्सची जागृती झाली तेव्हापासून गिऱ्हाईक खुर्चीत बसतानाच "ब्लेड नवं लावा" म्हणतं, आणि ते रास्तच आहे. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं आणि अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचं. एका माणसाला एक अर्धं. बाजाराच्या दिवशी नानांच्या एकट्या खुर्चीवर पंधरा-वीस दाढ्या होतात. कराड-साताऱ्याच्या सलूनमध्ये चार-चार खुर्च्या असतात, त्यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही जिवंत राहू शकतो. म्हणजे खुर्चीवरच्या माणसाची काळजी आपण घेतली आणि झाडणाऱ्या बाईची घ्यायची राहिली.

मावशींचा हात कापला त्याच आठवड्यात माझा मुक्काम नानांच्या गावी होता. मी त्यांना विचारलं, नाना, तुमची ब्लेडं जातात कुठे? त्यांनी खुर्चीखालून तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा ओढला. वरच्या अंगाला छिन्नीने पाडलेली फट, तोंड डाग देऊन बंद केलेलं. उचलून बघितला तर चांगलाच जड. "धा वर्साची हायेत," म्हणाले. "आमच्या घरी म्हस होती. उकिरड्यातलं ब्लेड चाऱ्यातनं पोटात गेलं तिच्या. तवापासनं हा डबा." एवढं साधं उत्तर त्या पिंपळाखाली दहा वर्षं होतं, आणि मी तिथेच बसून दाढी करून घेत होतो.

मी तसाच डबा केला. रंगाचा अर्ध्या लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा. झाकणाखाली लाकडाचा ठोकळा धरून छिन्नीने इंचभर लांब फट पाडायची, नाणं सरकेल एवढी रुंद. ब्लेडची आखूड बाजू बावीस मिलिमीटर असते, ते आरामात जातं आणि डबा उलटा केला तरी सहसा बाहेर येत नाही. फटीच्या कडा हातोडीने आत वळवायच्या, नाहीतर त्याच कापतील. झाकण घट्ट बसवून भोवती एम-सील लावायचं. बाहेर ठळक लिहायचं: वापरलेली ब्लेडं, उघडू नका. जत्रेत मिळणारा पत्र्याचा गल्लाही चालेल. मातीचा नको, फुटतो. एक ब्लेड मला पाच दाढ्यांना पुरतं, म्हणजे वर्षाला साठ ब्लेडं. ती सगळी मिळून चाळीस ग्रॅमही भरत नाहीत. हा डबा मला निवृत्तीपर्यंत पुरेल. भरला की फटही एम-सीलने बुजवायची आणि डबा भंगारात द्यायचा. मी आमच्या भंगारवाल्याला विचारलं, तो म्हणाला, सगळं पोलादच आहे, बंद डबा असेल तर पत्र्याच्या भावाने घेतो.

बाहेरगावी असलो की वापरलेलं ब्लेड नव्या ब्लेडांच्या पाकिटाच्याच मागच्या कप्प्यात सरकवतो. प्लास्टिकच्या काही पाकिटांना मागे अशी फट असते, जुन्या ब्लेडसाठीच केलेली. आमच्यात पाच जणांना विचारलं, एकालाही ती फट कशाला आहे हे माहीत नव्हतं. पाकिटावर मराठीत एक ओळ छापली तर किती बोटं वाचतील. कंपन्यांना एवढी विनंती आपल्या पत्रातून पोचावी.

दुसरी विनंती नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा असं ठरलं. वापरलेल्या सुया, जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, फुटलेले थर्मामीटर यांची नावं त्यात घेतली होती, ब्लेडचं नाव घेतलेलं नव्हतं. नाव नव्हतं म्हणून घंटागाडीवाल्याला कुणी सांगत नाही आणि तोही मागत नाही. सुयांबरोबर ब्लेडचे बंद डबेही घ्या, आणि महिन्यातून एक दिवस सलूनवाल्यांकडून ते गोळा करा. नाभिक बांधव तयार आहेत. मी स्टँडजवळच्या तिघांशी बोललो. तिघांनीही हेच विचारलं, की डबा भरतो हो, पण द्यायचा कुणाला?

तिसरं माझ्यासारख्यांना, म्हणजे जे घराबाहेर दाढी करतात त्यांना. चालक, वाहक, ट्रकवाले, वसतिगृहातली मुलं, बंदोबस्तावरचे पोलीस. बेसिनजवळ भिंतीला एक डबा बांधा. त्याला ना मंजुरी लागते ना खर्च. मी आमच्या विश्रांतीगृहात बेसिनच्या उजव्या हाताला तारेने बांधला आहे. ज्यांनी प्लास्टिकवर परत जायचं ठरवलं होतं त्यांतल्या एकाने परवा आपला स्टीलचा रेझर पुन्हा काढला. मावशी कामावर आल्या आहेत. टाके निघाले, पण अंगठा अजून पूर्ण वळत नाही, झाडू डाव्या हाताने धरतात. डबा बांधला त्या दिवशी मी त्यांना तो दाखवला आणि हलवून बघायला दिला. त्यांनी विचारलं, "सगळे टाकतील ना यात?" मी हो म्हटलं आहे.

पत्र लांबलं. जागा कमी असेल तर माझ्या मानेचा मजकूर गाळावा. डबा कसा करायचा तेवढं मात्र पूर्ण छापावं, फटीच्या कडा आत वळवायचं वाक्य धरून.

आपला,
एक एसटी चालक, जि. सातारा
(नोकरीत असल्याने नाव छापू नये, ही विनंती. नाव-पत्ता सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे.)